झोळीत व्यसन टाकल्यानंतर



महात्मा बसवण्णांचे एक वचन आपल्या घराघरांत म्हटले जाते. दाराशी आलेल्या माणसाचे कूळ न विचारता त्याला आपल्या घरचाच समजण्याची बुद्धी मिळावी, अशी त्यात कूडलसंगमदेवाला विनवणी आहे. या वचनाचे निरूपण बहुधा जातिभेदाच्या अंगाने केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आज त्याच वचनाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. परक्या माणसाला आपला म्हणणे एक वेळ सोपे, कारण त्याने आपले काही बिघडविलेले नसते. पण दाराशी आलेला आपलाच मुलगा असेल, रात्री दोन वाजता झोकांड्या खात आला असेल, बायकोच्या गळ्यातील मणी विकून आला असेल, तर? अथवा दारूचा थेंबही न शिवलेला एखादा भाऊ गेले सहा महिने खोलीतून बाहेर येत नसेल, भिंतीशी बोलत असेल, तर? त्याला 'आमचा' म्हणताना आपली जीभ का अडखळते, याचा विचार करावयाचा आहे.

हा विचार हवेत करून उपयोग नाही, म्हणून कडोदऱ्याचे उदाहरण घेऊ. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे आणि सुरतेहून बारडोलीस जाणारा रस्ता येथेच महामार्गाला छेदतो. भोवताली यंत्रमाग, कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या मिला. खानदेशातून पोटासाठी सुरतेकडे गेलेली माणसे आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यातील आहेत. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथूनही माणसे येतात. बारा तासांची पाळी, कानाशी मागाचा खडखडाट, मीटरवर मजुरी. एका खोलीत अनेकजण राहतात. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकतो. जागे राहण्यासाठी तंबाखू आणि झोप येण्यासाठी दुसरे काहीतरी, अशी सवय लागण्यास फार मोठा दुर्गुण अंगी असावा लागत नाही. गावी आई असते, पत्नी असते, ग्रामदैवत असते, चावडीवर हटकणारा एखादा म्हातारा असतो. येथे हटकणारा कोणी नाही, आणि विचारपूस करणाराही नाही.

तुम्ही म्हणाल, गुजरातेत तर दारूबंदी आहे. आहे. १ मे १९६० रोजी ते राज्य झाले तेव्हापासून आहे, आणि मूळ कायदा जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा आहे. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये कडोदऱ्याजवळच्याच वरेली गावात विषारी दारू पिऊन अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२२ मध्ये बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक माणसे तशीच गेली. जेथे बंदी नाही त्या मुंबईतही जून २०१५ मध्ये मालवणीला शंभराहून अधिक बळी गेले, तेव्हा केवळ कायद्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कायदा असावा की नसावा हा या लेखाचा विषयही नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिथेनॉल पोटात गेल्यावर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि त्याने दृष्टी जाते, पुढे प्राणही जातो. परंतु पहिले काही तास माणूस नुसता प्यायलेला दिसतो. घरचे लोक उतरेल म्हणून त्याला झोपवून ठेवतात. दवाखान्यात नेले तर पोलीस येतील आणि चाळीत कळेल, या भीतीने आणखी उशीर होतो. म्हणजे जेथे पिणे हा गुन्हाही आहे आणि कलंकही आहे, तेथे माणूस दुहेरी लपतो, आणि लपलेल्या माणसापर्यंत औषध पोहोचत नाही. व्यसनाच्या बाबतीत लाज आपले काम करील, असे आपण समजतो. ती काम करते खरी, पण उलट्या दिशेने.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यसनी माणसाविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत. एक मत असे की, त्याने हाताने विकत घेतलेले हे पाप आहे, त्याचे फळ त्याने भोगावे. दुसरे मत नव्या शिक्षणातून आले आहे. त्यानुसार व्यसनाधीनता हा रोग असून रोग्याला दोष देणे अन्याय आहे. वैद्यकशास्त्र दुसऱ्या मताच्या बाजूचे आहे आणि त्याला आधार भक्कम आहे. मद्याने मेंदूच्या कामात असा बदल होतो की नुसत्या निश्चयाने तो परतत नाही. तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. मधुमेहही रोग आहे, पण मधुमेही माणूस मुलाच्या फीचे पैसे चोरून नेत नाही. ज्या पत्नीने मार खाल्ला तिला, "हा रोग आहे, रागावू नकोस," असे सांगणारा उपदेशक मला तरी निर्दय वाटतो.

मला असे वाटते की आपण दोष आणि जबाबदारी या दोन वस्तू एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. रोग लागला याचा दोष त्याच्या माथी मारू नये. बरे होण्यासाठी पाऊल उचलण्याची जबाबदारी मात्र त्याचीच आहे, आणि ज्यांचे त्याने नुकसान केले त्यांचे देणेही त्याच्याच नावावर आहे. ते माफ करण्याचा अधिकार मठाला नाही, पंचांना नाही. असलाच तर त्या पत्नीला आणि मुलांना आहे. परंतु ही जबाबदारी एकट्याने उचलता येत नाही. आजारच असा की जो उचलणार त्याचा हातच निकामी केलेला असतो. मग समाजाने काय करावयाचे? त्याच्याऐवजी उचलावयाचे नाही आणि त्याला एकटेही सोडावयाचे नाही. बोलण्यास हे सोपे आहे. प्रत्यक्षात कसे करावे, यासाठी काही उदाहरणे पाहू.

आपल्याच परंपरेतील उदाहरण आधी घेऊ. बागलकोट जिल्ह्यातील इलकलच्या चित्तरगी विजय महांतेश संस्थान मठाचे पूज्य डॉ. महांत स्वामीजी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून खांद्याला झोळी अडकवून गावोगाव फिरले. जंगमाच्या झोळीत लोक धान्य घालतात, पैसा घालतात. स्वामीजींनी व्यसनाची भिक्षा मागितली. विडी, तंबाखू, दारू जे असेल ते या झोळीत टाका, पुन्हा मागू नका, एवढेच त्यांचे मागणे. 'महांत जोळिगे' या नावाने ही चळवळ कर्नाटकात आणि सीमेलगतच्या महाराष्ट्रातही परिचित आहे. २०१८ च्या मे महिन्यात स्वामीजी लिंगैक्य झाले. १ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. या भिक्षेतील मर्म पाहा. भिक्षा मागणारा खाली उभा असतो आणि देणारा वर. ज्याला आजवर सर्वांनी हिणवले, त्याच्यापुढे एक स्वामी हात पसरून उभा राहतो आणि क्षणभर तो दाता होतो. उपदेशाने जे होत नाही ते या उलट्या मांडणीने अनेकांच्या बाबतीत झाले.

परंतु झोळीत व्यसन टाकल्यानंतरची रात्र कोणी पाहिली आहे काय? वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, माणूस ओळखत नाही. उपचार न मिळाल्यास प्राणही जातो. घरच्यांना वाटते की शपथ मोडली म्हणून देव कोपला. वास्तविक तो शपथ पाळत असतो. म्हणून मठात, देवळात किंवा घरच्या लिंगपूजेत कोणी दारू सोडण्याचा संकल्प केला, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे हा संकल्पाचाच भाग समजावा. विभूती लावून घरी पाठविणे पुरेसे नाही.

आणि शरीर सावरल्यावर पुढे काय? येथे दूरदेशीची एक हकीगत सांगतो. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन गावी व्यवहारासाठी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. व्यवहार फसला. परक्या गावातील हॉटेलात तो एकटा उभा, आणि पलीकडच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. आत जावेसे वाटू लागले तेव्हा त्याने दूरध्वनी उचलला आणि गावातील चर्चच्या लोकांकडे चौकशी केली. आपल्याला उपदेश करील असा धर्मगुरू त्याला नको होता. आपण ज्याच्याशी बोलू शकू असा दुसरा दारुडा त्याला हवा होता. तो भेटला. ते होते डॉ. बॉब स्मिथ, शल्यचिकित्सक. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. आज तिच्या सभा जगभर भरतात, भारतातही भरतात. तेथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. जमलेले लोकच आपसांत खर्च भागवितात.

वाचकहो, या हकीगतीत आपल्या ओळखीचे काही दिसते का? विल्सनला सावरले ते कोणी मदत केल्यामुळे नव्हे. त्याने मदत केल्यामुळे तो सावरला. आपण दासोह म्हणतो तेव्हा अन्नदानाची पंगत डोळ्यांपुढे येते; वाढणारा एक, जेवणारा दुसरा. शरणांचा दासोह इतका एकतर्फी नव्हता. जो येईल त्याचे कायक असावे आणि त्या कायकातून त्यानेही द्यावे, अशी ती रचना होती. कल्याणच्या अनुभव मंटपात दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते, आणि ताडी विकणारे हेंडद मारय्याही शरण म्हणून मान्यता पावले. त्यांची वचने त्यांच्या धंद्याच्याच भाषेत आहेत. म्हणजे मंटपात शिरताना माणसाने आपले पूर्वायुष्य चपलांसारखे बाहेर काढून ठेवावे, अशी अट नव्हती. त्याच अनुभवातून बोलण्याची त्याला मुभा होती. आज आपल्या सभेत दारू सोडलेला माणूस आला तर आपण त्याला कोपऱ्यात बसवितो, प्रसाद देतो आणि त्याच्या मागील आयुष्याविषयी मौन पाळतो. हे सौजन्य आहे, पण त्यामुळे त्याच्याकडे देण्यासारखी जी एकच दुर्मिळ वस्तू आहे ती त्याच्याजवळच पडून राहते.

महाराष्ट्रात हे तत्त्व ज्यांनी घडवून दाखविले त्यांच्यात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव अग्रभागी आहे. डॉ. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केले. १९९७ मध्ये त्या गेल्या; काम थांबले नाही. तेथे पस्तीस दिवस राहावे लागते आणि नंतरही पाठपुरावा असतो. मला त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, उपचार घेऊन बरे झालेल्यांपैकी अनेकजण तेथेच कार्यकर्ते व समुपदेशक झाले. नव्याने आलेला रुग्ण थापा मारू लागला की समोरचा हसतो, कारण त्याने त्याच थापा मारलेल्या असतात. डॉक्टर हे करू शकत नाही, आणि स्वामीही करू शकत नाही.

तेथे रुग्णांच्या पत्नींचाही गट आहे. हे फार आवश्यक आहे. व्यसनी माणसाच्या घरातील स्त्री दोन चुकीच्या उपदेशांत सापडते. सासर म्हणते, सांभाळून घे. माहेर म्हणते, सोडून ये. सांभाळून घेण्याचा अर्थ पुष्कळदा त्याची उधारी फेडणे आणि मालकाला खोटा निरोप देणे असा होतो. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण जाणता. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले तेव्हा लक्कम्माने ते घरात घेतले नाहीत, परत टाकून यावयास लावले. गोष्टींच्या ओघात मारय्यांना कायकाचा विसर पडला तेव्हा तिनेच आठवण करून दिली. लोभाबद्दलची ही कथा व्यसनाला लावणे थोडे ओढून ताणून होईल, हे मान्य. तरी 'नाही' म्हणणाऱ्या पत्नीला शरणांनी किती वरचे स्थान दिले, हे त्यातून दिसते. आणि जाता जाता एक सांगणे: "लग्न करून द्या, सुधारेल," हा सल्ला ज्यांनी आजवर दिला असेल त्यांनी तो यापुढे देऊ नये. दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून वापरण्याचा कोणालाही अधिकार नाही.

आतापर्यंत व्यसनाविषयी बोललो. मनोविकाराची गोष्ट निराळी आहे, जरी एकाच घरात दोन्ही पुष्कळदा एकत्र नांदतात. खिन्नतेने ग्रासलेला दारूकडे वळतो आणि दारूने खिन्नता वाढते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रुग्णाने हाताने काहीच घेतलेले नसते. ऐन तारुण्यात त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात. येथे झोळीत टाकावयाचे काय? शपथ कशाची घालावयाची? तरीही आपण त्याच्याशी तसेच वागतो, किंबहुना अधिक वाईट. भगताकडे नेतो, साखळीने बांधतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. औषधे नियमित घेतली तर यातील पुष्कळसे रुग्ण कामधंदा करू शकतात. इष्टलिंगपूजा मनाला आधार देईल, पण गोळी बंद करून पूजा करा असे सांगणारा रुग्णाचा घात करतो.

खानदेशाशी संबंधित असे या क्षेत्रातील नाव म्हणजे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी. ते कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार झाला. त्यांनी तो लपविला नाही. पुण्यात 'सा' ही स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी केली, जेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपले अनुभव सांगतात. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याच विषयावरचा आहे, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

लपविले नाही, असे मी लिहिले खरे, पण आपण का लपवितो हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपला समाज सुरतेकडे लहान आहे. सर्वजण सर्वांना ओळखतात आणि सोयरीक याच ओळखीतून जुळते. थोरला मुलगा आजारी असल्याचे कळले तर धाकट्या बहिणीचे स्थळ परत जाते. म्हणून बाप मुलाला डॉक्टरकडे नेत नाही. हा बाप मूर्ख नाही. तो दोन लेकरांमध्ये निवड करीत असतो आणि ती निवड आपण त्याच्यावर लादलेली असते. ॲक्रनच्या मंडळींनी आडनाव न विचारण्याचा नियम का केला, ते यावरून समजावे. तेव्हा आपल्याकडे अशी सभा भरवावयाची तर पहिला नियम हाच असला पाहिजे की, तेथे ऐकलेले सोयरिकीच्या बैठकीत जाणार नाही. ज्यांचे लग्न ठरत आहे त्यांच्याशी खरे बोलणे हे त्या त्या घराचे कर्तव्य. तिसऱ्याने ते काम अंगावर घेऊ नये. ज्याला हा नियम पाळता येणार नाही, मग तो कितीही मोठा देणगीदार असो, त्याला सभेत बोलावू नये.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न. तो सहा महिने नीट राहिला आणि पुन्हा प्यायला, मग? आपले औदार्य बहुधा एकदाचेच असते. दुसऱ्या खेपेस आपण म्हणतो, दिली होती संधी. पण डॉक्टर सांगतात की या आजारात उलटणे हे आजाराचेच एक लक्षण आहे. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण रुग्णाला कृतघ्न म्हणत नाही. दार पुन्हा उघडावे. मात्र घराचे दार आणि सभेचे दार एक नव्हे. पत्नी म्हणाली की आता घरात नको, तर तो तिचा न्याय्य निर्णय आहे आणि मठाने तिच्यावर दडपण आणू नये. उलट अशा वेळी सभेचे दार उघडे असेल तर तिला घराचे दार बंद करणे थोडे सुसह्य होईल.

कडोदऱ्यास अथवा सुरतेत अशी बैठक सुरू करण्यास मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक सतरंजी, चहा, आणि व्यसन सोडून काही वर्षे झालेला निदान एक माणूस. जवळच्या सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांची वेळ भिंतीवर लिहून ठेवावी. शेजारीच 'टेलिमानस' या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहावा. २०२२ पासून तो चालू आहे आणि कोणत्याही वेळी त्यावर बोलता येते. चहा करण्याचे व चाव्या सांभाळण्याचे काम नव्याने आलेल्याकडे द्यावे, जुन्यांकडे नको. मिलमध्ये बारा तासांच्या पाळ्या असल्यामुळे एकच वेळ ठेवली तर निम्मे लोक येऊ शकणार नाहीत. रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी सुटल्यावर आणि दिवसपाळीवाल्यांसाठी संध्याकाळी, अशी बैठक दोनदा भरवावी लागेल.